दोर वाचण्याचा दिवस

मंगळवारी सकाळी दहा वाजता माझे पती इंदिरानगरमध्ये एका झाडावरून पडले. मला शाळेत फोन आला. मी रिक्षा केली. द्वारका चौकात रिक्षा थांबली, मग निघाली. मी पोचले तेव्हा ते गेले होते. संध्याकाळी रामदासनं त्यांचा दोर पोत्यात भरून घरी आणला आणि जिन्याखाली ठेवला. दिवाळीला चार दिवस होते.

ते पोतं अकरा महिने मी उघडलं नाही.

परवा रामदास आला. तो पेठकडचा. वीस वर्षं तो यांच्याबरोबर होता; हे झाडावर, तो खाली. हे वरून फांदी कापायचे आणि तो दोरानं तोलत ती खाली उतरवून घ्यायचा, पाळण्यातून मूल उचलावं तशी. गेल्या वर्षभरात तो दुसऱ्या कुणाबरोबर कामाला गेला नाही, त्याच्या गावी नागलीच्या शेतातच राहिला. चपला काढून तो नेहमीसारखा दारातच बसला. आत ये म्हटलं तरी त्याचं दारच ठरलेलं.

"वहिनी, उद्या खंडेनवमी."

"माहीत आहे. यंदा आपल्याला सण नाही, रामदास. वर्ष व्हायचंय अजून."

"सण नका करू. पण हत्यारांना कसलं सुतक?"

मी चहा आणून त्याच्यापुढे ठेवला. त्यानं चहा बशीत ओतला.

"करवतीला गंज चढला आसंल. भाऊ असते तर मला शिव्या घातल्या असत्या."

"ते शिव्या देत नसत."

"तुमच्यासमोर नाय द्यायचे. झाडावर गेले का त्यांच्या तोंडाला सूट." मग बशी खाली ठेवून तो म्हणाला, "दोर पण काढा पोत्यातनं. ओल लागंल त्याला. तुटला नव्हता तो, वहिनी. मी सांगितलं होतं ना. दोर टाकला होता ती फांदीच गेली बुडातनं. आत पोकळ होती."

त्यानं हे मला त्या संध्याकाळीही सांगितलं होतं आणि दहाव्याला नदीच्या घाटावरही. दोन्ही वेळा मी मान हलवली होती. दुःखाच्या घरात माणसं खरंच बोलतात असं नाही; बरं वाटेल ते बोलतात. आणि रामदासवर विश्वास न ठेवायला माझ्याजवळ एक कारण होतं. ते मी कुणालाही सांगितलेलं नव्हतं.

तो गेल्यावर मी जिन्याखालचं दार उघडलं.

वास आधी बाहेर आला. पेट्रोल, ऑइल, वाळलेला चीक, घामानं कडक झालेलं कातडं. त्या वासाच्या तळाशी लाकडाचा भुसा होता, कुठल्याही एका झाडाचा न राहिलेला. पूर्वी तसं नव्हतं. पूर्वी ते संध्याकाळी दारात उभे राहिले की आज कुठल्या झाडावर होते हे मला न विचारता कळत असे. कडुनिंबाचा भुसा घशात कडू लागे. निलगिरीच्या दिवशी घरात कुणीतरी सर्दीचं औषध सांडल्यासारखं वाटे. चिंचेला जवळजवळ वास नसे, पण तिचा भुसा मातीसारखा जड असे आणि शर्ट झटकताना खाली पडल्याचा बारीक आवाज येई. आंब्याच्या दिवशी हातांवर चिकाचे चट्टे असत. मी खोबरेल लावून द्यायचे. ते म्हणायचे, "आंबा चिडतो. बाकीचे सोसतात."

दिवाबत्तीनंतर मी वर्तमानपत्र पसरून त्यांच्या केसांतून फणी फिरवायची. कागदावर भुसा पडत राही. कधी एखादी मुंगी, कधी सालीचा तुकडा, एकदा निळ्या रंगाचं इवलं पीस. ते पीस मी शाळेत नेऊन पक्ष्यांच्या पुस्तकात ठेवलं. मी शाळेची ग्रंथपाल. तिथे सगळं आपापल्या जागी असतं.

त्यांचं घर मखमलाबादकडचं, फुलशेतीचं. झेंडू, शेवंती, अ‍ॅस्टर. पहाटे टोपल्या पंचवटीच्या बाजारात जायच्या. त्यांच्या मामांना हा झाडांचा उद्योग कधी पटला नाही. लग्नाच्या पंगतीत ते माझ्या वडिलांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले होते, "आमच्यात फुलं तोडतात. हा एकटा झाडं तोडतो."

"तोडत नाही मामा, छाटतो," हे वाढता वाढता म्हणाले. "तुम्ही दाढी करता तेव्हा गळा कापता का?"

पंगत हसली. माझे वडील हसले नाहीत, पण त्यांनी जिलबी घेतली.

आदल्या दिवशी झाडाला भेटून यायचं, हा त्यांचा नेम होता. महापालिकेचा परवानगीचा कागद खिशात असला तरी भेटल्याशिवाय करवत लावायची नाही. काम नाशिकरोडला असो की त्र्यंबकेश्वरच्या रस्त्याला, संध्याकाळी मोटारसायकलवर जायचं, बुंध्यावर तळवा ठेवायचा आणि म्हणायचं, "उद्या येतो. पाहुण्यांना सांगून ठेव." पाहुणे म्हणजे पक्षी. लग्नानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत मीही मागे बसून जायचे. त्यांचा तळवा बुंध्यावर बराच वेळ असे. मी बाजूला उभी राहून वर पाहत असे. काय बोलायचं ते बोलून झाल्यावर ते बोटांच्या पेरांनी बुंधा वाजवून पाहत, वरपासून खालपर्यंत, दाराची कडी हलकेच वाजवावी तसं. आवाज भरीव आला की पुढे सरकत. पोकळ आला की तिथेच थांबत आणि कान लावत.

हे बुंध्याचं झालं. वरच्या फांद्यांपर्यंत खालून हात पोचत नाही.

एकदा घरट्यात पिल्लं निघाली म्हणून त्यांनी काम तीन आठवडे पुढे ढकललं. मालक फोनवर ओरडत होते, ते मला स्वयंपाकघरात ऐकू येत होतं. "एका कावळ्यासाठी माझं गॅरेज थांबवलंत तुम्ही?"

"साहेब, त्याचं बुकिंग आधीचं आहे."

ते गृहस्थ नंतर दर वर्षी यांनाच बोलवत.

संध्याकाळचा आवाज कानशीचा. करवतीची साखळी मांडीवरच्या जुन्या टॉवेलवर घेऊन ते एकेक दात घासत. एका दाताला तीन घास. खर्र, खर्र, खर्र, मग साखळी पुढे सरकल्याची बारीक किणकिण. मी समोर पुस्तक घेऊन बसलेली. बरीच वर्षं मी त्या तालावर वाचलं. आता शांततेत वाचायला बसले की ओळ पुढे सरकत नाही.

आणि खंडेनवमीला दोर वाचायचा.

फांद्या उतरवायचा दोर वेगळा होता, जाड, काळवंडलेला. तो रामदासच्या हातातला. स्वतः चढायचा दोर पांढरा, मधून एक निळी रेघ गेलेली, शंभर हात लांब. कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत एक हात. रोज चढण्याआधी ते त्याच्यावरून नजर टाकत, पण सबंध दोर पोटातून तपासायचा तो वर्षातून एकदा, हत्यारं धुऊनपुसून पूजेला मांडण्यापूर्वी. हे दोन माणसांचं काम. त्यांच्या उस्तादानं त्यांना तसं शिकवलेलं. गच्चीवर दोर नागमोडी पसरायचा. एका टोकाला ते, दुसऱ्या टोकाला मी. डोळे मिटायचे आणि अंगठा व तर्जनीच्या चिमटीतून दोर इंच इंच पुढे न्यायचा. घासून जळालेली जागा काचेसारखी गुळगुळीत लागते. आतले धागे तुटले असतील तिथे दोर मऊ पडतो, पिकलेल्या केळ्यासारखा. अशी जागा लागली की थांबायचं, सांगायचं. नाही लागली तर पुढे जात राहायचं, दोघांचे हात एकमेकांना लागेपर्यंत. हात लागेपर्यंत चिमूट सोडायची नाही. जुना नाडा काढून टाकायचा आणि जिथे हात भेटतील तिथे पूजेतला नवा लाल-पिवळा नाडा बांधायचा. म्हणजे या वर्षीचा दोर वाचून झाला.

"डोळ्यांनी दिसतो तो मळ," पहिल्या वर्षी ते म्हणाले होते. "आतलं बोटांनाच कळतं. तू पुस्तक वाचतेस ना, तसं वाच. ओळ सोडायची नाही."

"मी कादंबरीतली वर्णनं सोडते."

"इथे सगळं वर्णनच आहे. सोडलंस तर मी खाली येईन."

तेव्हा आम्ही दोघं हसलो होतो.

नवमीच्या सुमारास आमच्या गल्लीच्या टोकाची सप्तपर्णी फुललेली असते. तिचा वास गोड आणि जड, थोड्या वेळानं डोकं धरणारा. खालून झेंडूच्या गाड्या जात. मिटलेल्या डोळ्यांना ऊन तांबडं दिसे. मी हात मोजत जायची, तीस, एकतीस, बत्तीस, आणि समोरून त्यांचा श्वास जवळ येत जाई. ते माझ्यापेक्षा भरभर वाचत. साधारण पंचेचाळीसच्या पुढे कधीतरी माझ्या बोटांना दोराऐवजी त्यांचं नख लागे. घट्टे पडलेली बोटं. क्षणभर आम्ही डोळे उघडत नसू. घरात आम्ही दोघंच, तरी असा निवांत स्पर्श दिवसाउजेडी वर्षातून तेवढाच. मग ते नाडा बांधत. त्यांची गाठ वेगळी होती, दोन वेढे उलटे घेऊन आतून टोक काढलेली. मला ती कधीच जमली नाही.

गेल्या वर्षी आम्ही वाचत असताना खाली बेल वाजली. इंदिरानगरहून एक गृहस्थ आले होते. त्यांच्या रेन ट्रीची फांदी छपरावर आली होती, परवानगी लवकरच मिळणार होती, एकदा येऊन बघता का, गाडी आणली आहे. यांनी आपल्या जागी दोराला रुमाल बांधला.

"उरलेलं तू वाचून घेशील? वीसेक हात असतील."

"घेते."

मी माझ्या जागी दोरीवरच्या कपड्यांचा एक चिमटा लावला, पिवळा, प्लॅस्टिकचा, आणि पाणी प्यायला खाली आले. टेबलावर शाळेतून आणलेली कादंबरी होती. शेवटची चाळीस पानं राहिली होती. मला वाटलं, दहा पानं वाचू आणि वर जाऊ.

पुस्तक संपलं तेव्हा ऊन उतरलं होतं. नैवेद्य व्हायचा होता. मी गच्चीवर धावत गेले, रुमाल सोडला, दोराची गुंडाळी केली आणि खाली आणून करवतीशेजारी पाटावर ठेवली. ते आले. हातपाय धुतले.

"वाचलास?"

"हो."

"कुठे काही लागलं?"

"काही नाही. चांगला आहे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग कोयत्याला, करवतीला, पट्ट्याला, दोराला हळदकुंकू लावलं, झेंडू वाहिला. "नाडा मी नंतर बांधतो," म्हणाले, "तू पानं घे."

दसऱ्याच्या सकाळी मला जाग आली तेव्हा ते अंथरुणात नव्हते. थोड्या वेळानं वरून खाली आले, चहा घेतला, आणि आपट्याच्या फांद्या ओरबाडून विकणाऱ्यांवर दर वर्षीप्रमाणे चिडले. माझ्या कादंबरीच्या शेवटच्या पानाला तो पिवळा चिमटा लावलेला होता. मला वाटलं, गच्चीवर पडलेला सापडला असेल, गंमत म्हणून लावला. मी काढून चिमट्यांच्या टोपलीत टाकला.

त्यानंतर वीस दिवसही झाले नाहीत.

हे कारण होतं. रामदास फांदी म्हणाला, मला ऐकू आला तो दोर. अडतीसाव्या हाताला मी थांबले होते. हा आकडा अकरा महिने माझ्याबरोबर होता. शाळेत पुस्तकांवर क्रमांक घालताना अडतीस आला की माझा हात थबके. त्यांचा फोन मी चालू ठेवला आहे, अजून त्यावर लोक बोलतात, "झाडवाले ना? दोन नारळ साफ करायचेत." मी सांगते, ते काम बंद झालं. कुणी विचारतं, का हो? मला वाटायचं, एक दिवस मी खरं सांगून बसेन. वीस हात वाचायचे राहिले म्हणून.

काल सकाळी मी पोतं गच्चीवर नेलं. दोर काढला. त्याला सालीचा तांबूस डाग होता आणि वास फक्त पोत्याचा होता. मी तो पसरला, नागमोडी. दुसऱ्या टोकाला कुणी नव्हतं. नाडा कुठे दिसतो का हे मला पाहायचं नव्हतं, म्हणून मी पसरतानाच डोळे अर्धे मिटले, आणि माझं टोक हातात आल्यावर पूर्ण मिटले.

रामदास तेवढ्यात आला. मला पाहून जिन्याच्या तोंडाशी थांबला.

"मी धरू का तिकडनं?"

"नको," मी म्हटलं. "बस तू."

तो बसला. तंबाखू मळल्याचा आवाज आला, मग थांबला. भाऊंच्या समोर तो कधी तंबाखू मळत नसे. दोर पाहून त्याला ते आठवलं असावं.

एक, दोन, तीन. पहिल्या काही हातांनंतर बोटांना जुनी सवय सापडली. वीस. सप्तपर्णीचा वास येऊ लागला होता. पंचवीस. खालून झेंडूवाला ओरडत गेला. तीस. पुढे कुठेतरी मऊ जागा येणार, किंवा दोर संपून धाग्यांचा झुबका हाताला लागणार, हे मी इतक्या वेळा मनात वाचलं होतं की बोटं त्याच्याच तयारीत होती. पस्तीस. छत्तीस. सदतीस.

अडतीसाव्या हाताला नाडा लागला.

मी डोळे उघडले नाहीत. बोटांनी गाठ चाचपली. दोन वेढे उलटे, टोक आतून काढलेलं.

दोघांचे हात जिथे भेटतील तिथे नाडा. त्या वर्षी आमचे हात भेटले नव्हते. गुंडाळीत मी चिमटा तसाच विसरले होते. दसऱ्याच्या पहाटे त्यांनी दोर गच्चीवर पुन्हा पसरला असणार. आपल्या रुमालाची जागा त्यांना आठवत असेल किंवा नसेलही. त्यांनी बहुतेक आपल्या टोकापासून सगळाच पुन्हा वाचला. आणि येत येत माझ्या चिमट्यापर्यंत एकटेच आले. चिमटा काढला, तिथे नाडा बांधला. खाली येऊन चिमटा माझ्या पुस्तकाला लावला. चहा घेतला. मला काही बोलले नाहीत. त्या दिवशी नाही, पुढच्या कुठल्याच दिवशी नाही. मी खोटं बोलले हे त्यांना माहीत होतं, आणि ते रोज संध्याकाळी माझ्यासमोर बसून साखळी घासत होते, एका दाताला तीन घास.

"वहिनी," रामदास म्हणाला. "लागलं का काय?"

"नाही," मी म्हटलं. "नाडा आहे."

मी पुढे वाचत गेले. ओळ सोडली नाही. एकोणचाळीसपासून शंभरपर्यंत दोर भरीव होता. शेवटी टोक आलं, त्यांनी जाळून बंद केलेलं, टणक. मी ते काही वेळ धरून ठेवलं. त्यापलीकडे गच्चीचा कठडा होता.

रामदास जवळ येऊन उकिडवा बसला. "तुटला नव्हता ना?"

"नव्हता."

"मी खोटं कशाला बोलू तुमच्यापाशी?"

मी टोक खाली ठेवलं. मी म्हटलं, "आता याचं काय करायचं?"

"भाऊंचा नियम हाय. माणूस पडला त्या दोरावर परत कुणी चढायचं नाय. तुटलेला असो का धड, कापायचा."

हा नियम मलाही माहीत होता. आमच्या घरातली कपडे वाळत घालायची दोरी अशाच एका जुन्या दोराची आहे. मी खालून कोयता आणला. कोयत्याला गंज चढला होता. रामदासनं आधी तो दगडावर घासला, पाणी घेऊन, मान खाली घालून. मग मी दोर धरला आणि त्यानं कापला. नाड्याच्या अलीकडे एक हात, पलीकडे एक हात.

करवत, पट्टा, कोयता मी पुसून पाटावर मांडलं. हळदकुंकू रामदासनं लावलं. बाकीचा दोर तो गावी घेऊन गेला, शेळ्या बांधायला.

माझ्याकडे दोन हात दोर आहे. त्याच्या मधोमध नाडा आहे. गाठ त्यांची आहे.